व्हिटॅमिन डीची पुडी घेतली की शुगर टळते का?

प्रश्न : मी ४८ वर्षांची आहे. इंदूरला सुदामा नगरात राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा खुर्चीवर, तेही एसीत. आईला मधुमेह होता. दिवाळीनंतर पाठ आणि मांड्या फार दुखायला लागल्या म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६.१ आणि व्हिटॅमिन डी ११ आलं. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशा साठ हजार युनिट डीच्या आठ पुड्या लिहून दिल्या. शुगरसाठी मात्र “चाला, वजन कमी करा, तीन महिन्यांनी या” एवढंच सांगितलं. बडोद्याच्या नणंदबाई म्हणतात, डी भरून निघालं की शुगर आपोआप जाते, पुड्या वर्षभर बंद करू नकोस. त्यांनी एक फॉरवर्डही पाठवला, की फिनलंडमध्ये डी देऊन मधुमेह ८० टक्क्यांनी कमी झाला. आता घरात सगळ्यांनाच पुड्या हव्यात. ह्यांना दोनदा मूतखडा झालाय, तरी तेही घेतात. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, त्यांना कुणीतरी वर्षातून एकदाच घ्यायचं मोठं इंजेक्शन सुचवलंय. मुलगा भंवरकुव्याला कोचिंगला जातो, बाकी दिवसभर खोलीत. मी रोज सकाळी साडेसातला गच्चीवर कोवळ्या उन्हात बसते. त्यानं रंग आणखी काळवंडेल ही भीती आहेच. डी वाढवलं तर माझा मधुमेह टळेल का?
— एक वाचक, इंदूर

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. पुड्या पूर्ण करा. ११ हा आकडा खरोखर कमी आहे आणि तुमच्या पाठीच्या, मांड्यांच्या दुखण्यामागे तो असू शकतो. मधुमेह टाळण्यात मात्र डीचा वाटा असलाच तर लहान आहे. मोठा वाटा डॉक्टरांच्या त्या ‘एवढंच’ मध्ये आहे. तुमच्या पत्रात पुड्यांबद्दल इतकं काही आहे आणि चालण्याबद्दल डॉक्टरांचा एक शब्द तेवढा आलाय. मला काळजी वाटते ती त्याची.

डी आणि शुगरचं नातं कुणी हवेतून काढलेलं नाही. स्वादुपिंडातल्या ज्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात, त्यांच्यात डीला पकडणारे रिसेप्टर असतात. इन्सुलिन पेशीतून बाहेर पडायला कॅल्शियमची ये-जा लागते, आणि कॅल्शियमचा कारभार बराचसा डीच्या हाती असतो. शिवाय देशोदेशी लोकांची रक्तं तपासली तेव्हा ज्यांचं डी कमी, त्यांच्यात मधुमेह जास्त आढळला. इथपर्यंत नणंदबाईंचं बरोबर आहे.

पण डी कमी कुणाचं असतं ते बघा. जो दिवसभर आत बसतो त्याचं. ज्याचं वजन जास्त आहे त्याचंही, कारण डी चरबीत विरघळतं आणि शरीर मोठं असलं की ते पसरून रक्तात कमी उरतं. जो आधीच आजारी आहे आणि म्हणून घराबाहेर पडत नाही, त्याचं. आणि मधुमेह कुणाला जास्त होतो? पुष्कळदा ह्याच मंडळींना. तेव्हा डी कमी म्हणून मधुमेह झाला, की दोन्ही एकाच बैठ्या दिनक्रमातून आले, हे नुसत्या रक्ताच्या रिपोर्टावरून सांगता येत नाही. त्यासाठी काही लोकांना डी आणि काहींना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी देऊन काही वर्षं वाट बघावी लागते.

तशी वाट बघून झालेली आहे. अमेरिकेत डी२डी नावाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१९ मध्ये आला. तुमच्यासारख्याच, शुगर बॉर्डरवर म्हणजे वाढलेली पण अजून मधुमेह नाही अशा २,४२३ लोकांपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट डी दिलं, निम्म्यांना नुसती गोळी. साधारण अडीच वर्षांत डी घेणाऱ्यांपैकी २९३ जणांना मधुमेह झाला आणि न घेणाऱ्यांपैकी ३२३ जणांना. फरक दिसतो, पण तो निव्वळ योगायोगानंही पडू शकेल इतपतच. नॉर्वेत झालेली चाचणी आणि जपानमध्ये डीचंच एक वेगळं रूप देऊन झालेली चाचणी, दोन्हींचा निकाल ह्याच धाटणीचा होता. २०२३ मध्ये ह्या तिन्ही चाचण्यांतल्या चार हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून हिशेब मांडला. तेव्हा डीमुळे धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.

१५ टक्के ऐकायला बरे वाटतात. माणसांत मोजलं तर तीन वर्षांत शंभरातल्या साधारण तिघांचा मधुमेह टळला. म्हणजे तीस जणांनी तीन वर्षं डी घ्यायचं, तेव्हा त्यातला एक वाचणार.

आता दुसरा हिशेब बघा. तुमचं कामच हिशेबाचं आहे, तुम्हाला तो चटकन कळेल. चेन्नईच्या डॉक्टरांनी बॉर्डरवरच्या ५३१ भारतीयांवर एक अभ्यास केला, इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम. त्याचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचा तोंडी सल्ला देऊन सोडून दिलं, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला लावलं, खाणं सुधारून दिलं आणि फोन करून पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के. सहा-सात जणांमागे एक वाचला. मेटफॉर्मिन ह्या साखर उतरवणाऱ्या गोळीनं जवळपास तेवढंच साधलं आणि गोळी अधिक चालणं असं दोन्ही केल्यानं त्यात विशेष भर पडली नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात तर आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन कमी, एवढं उद्दिष्ट दिल्यावर धोका ५८ टक्क्यांनी उतरला. तिथे मेटफॉर्मिनचा आकडा ३१ टक्के होता.

डीनं तीस जणांमागे एक, चालण्यानं आणि खाण्यानं सहा-सात जणांमागे एक. नणंदबाईंना फॉरवर्डच्या उत्तरादाखल हे दोन आकडे पाठवा.

त्या ५५ टक्क्यांकडेही नीट बघा. आपल्या लोकांत बॉर्डरवरून पलीकडे जायला वेळ लागत नाही, आणि तुमच्या तर घरातच मधुमेह आहे. घाबरवायला सांगत नाही. ह्या एक-दोन वर्षांत तुमच्या हातात जे आहे ते पुढे इतकं सोपं राहणार नाही, म्हणून सांगते.

फिनलंडचा फॉरवर्ड खोटा नाही, पण तो तुमच्याबद्दल नाही. उत्तर फिनलंडमध्ये १९६६ साली जन्मलेल्या मुलांचा तो अभ्यास आहे, २००१ मध्ये छापून आला. ज्या बाळांना पहिल्या वर्षात रोज २,००० युनिट डी नियमित मिळालं, त्यांच्यात पुढे टाइप १ मधुमेह सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळला. टाइप १ हा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होणारा प्रकार. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते आणि इन्सुलिन टोचून घ्यावंच लागतं. तुम्ही ज्याच्या उंबरठ्यावर आहात तो टाइप २. शिवाय तो अभ्यास निरीक्षणाचा होता, डीची गोळी आणि औषध नसलेली गोळी अशी तुलना त्यात नव्हती. आणि तो देश असा, की हिवाळ्यात तिथे सूर्य नीट वर येतच नाही.

डीच्या बाजूनं बोलणारी एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकेतल्या त्या चाचणीत बहुतेकांचं डी मुळात बरं होतं, सरासरी २८ च्या आसपास. ज्यांचं १२ च्या खाली होतं असे जेमतेम शंभर जण निघाले, आणि त्यांच्यात डीचा फायदा बराच मोठा दिसला. तुमचं ११ आहे, तुम्ही त्या गटात बसता. पण शंभर माणसांवरून, तेही नंतर वेगळी काढून मोजलेल्या, मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनच्या आजारांवरच्या तज्ज्ञांच्या संस्थेनं, नवा सल्ला दिला. बॉर्डरवर असलेल्या आणि धोका जास्त असलेल्या लोकांना चालणं, खाणं सांभाळूनच, त्याच्या जोडीला डी द्यावं, असं त्यात म्हटलंय. जोडीला, हे महत्त्वाचं. मी ह्याचा अर्थ असा लावते की तुमची कमतरता भरून काढणं दोन्ही अंगांनी योग्य आहे, आणि पुढे रोजची लहान मात्रा चालू ठेवायची का ते तीन महिन्यांनी तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण ती भरल्यावर वर्षभर आठवड्याला साठ हजार ओतत राहायचं, हे नको.

का नको? डी चरबीत साठतं. जास्त झालं म्हणून शरीर ते लघवीवाटे सहज टाकून देत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढायला लागतं. भूक जाते, मळमळतं, पोट साफ होत नाही, सारखी तहान आणि सारखी लघवी लागते, आणि पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो. तहान आणि लघवी ही लक्षणं वाढलेल्या शुगरचीही असतात, त्यामुळे चुकीच्याच गोष्टीवर इलाज सुरू होण्याची भीती. हा त्रास आठ पुड्यांनी होत नाही. तो होतो महिनोन् महिने न विचारता घेण्यानं, आणि ‘आठवड्यातून एक’ च्या जागी ‘रोज एक’ घेण्यानं. ही दुसरी चूक अगदी शिकलेल्या घरांतही होते. तुमच्या पुड्यांवर तारखा लिहून ठेवा. भरल्या पोटी घ्या, दुपारच्या जेवणानंतर. जेवणात थोडं तेल-तूप असलं की डी चांगलं शोषलं जातं. आठ झाल्यावर पुष्कळ डॉक्टर महिन्याला एक साठ हजारांची पुडी किंवा रोजची हजार-दोन हजार युनिटची गोळी देतात. तुम्हाला त्यातलं काय, ते त्यांना ठरवू द्या, मेडिकलवाल्याला नको.

आता ऊन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोवळ्या उन्हाचा समज आपल्या घराघरांत पक्का बसलाय. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात न्यायचं, रथसप्तमीला उगवत्या सूर्याला अर्घ्य द्यायचं, पहाटे सूर्यनमस्कार घालायचे. ह्यातलं काही सोडा असं मी म्हणणार नाही. सूर्यनमस्कारांनी तर तुमच्या शुगरला फायदाच आहे. फक्त त्या वेळच्या उन्हातून डी फारसं मिळत नाही.

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जवळचा एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील बी किरण त्यावर पडले की त्याचं डी बनतं. मग ते यकृतात आणि मूत्रपिंडात जाऊन कामाचं होतं. हे बी किरण बरेचसे ओझोनच्या थरात अडकतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरण हवेतून तिरपे, लांबचा रस्ता कापत येतात आणि बी किरण वाटेतच संपतात. सकाळी साडेसातला ऊब मिळते, प्रकाश मिळतो, मन प्रसन्न होतं, डी मात्र जवळजवळ नाही. आंध्रात तिरुपतीला हीच प्रक्रिया नळीत घडवून मोजली गेली, तेव्हा डी सर्वांत चांगलं तयार होण्याची वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन अशी निघाली. काचेतून बी किरण येत नाहीत, म्हणून बंद खिडकीशी किंवा गाडीत बसून लागलेलं ऊनही ह्या कामाचं नाही.

घड्याळापेक्षा सोपी खूण आहे तुमची सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य पुरेसा वर आला असं समजा. उज्जैनच्या वेधशाळेत शंकुयंत्र तुम्ही पाहिलं असेल. २१ जूनला भर दुपारी त्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त तिथून अगदी जवळ आहे. इंदूर त्याच्या थोडं दक्षिणेला. त्यामुळे आपल्याकडे मेमध्ये सकाळी नऊ-सव्वानऊलाच सावली उंचीएवढी होते, नवरात्राच्या दिवसांत दहाच्या सुमारास, आणि डिसेंबरच्या शेवटी साडेबाराच्या आसपास ती कशीबशी उंचीच्या जवळ येते. आपल्याला आयती मिळालेली सोय ही, की थंडीत ज्या वेळी डी मिळतं त्याच वेळी ऊन हवंहवंसं वाटतं, आणि उन्हाळ्यात ते भर दुपारी तापायच्या आधीच मिळायला लागतं. मे महिन्यात बाराच्या उन्हात गच्चीवर बसा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डी मिळायचं राहील, ऊन लागून आडवं व्हायची वेळ येईल.

तुमच्या दिवसात हे कुठे बसवायचं? सध्या थंडी आहे. ऑफिसात डबा खाल्ल्यावर खुर्चीत परत न बसता दीडच्या सुमारास गच्चीवर किंवा रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चाला. बाह्या कोपरापर्यंत वर, शाल खुर्चीवर. ह्यात ऊन मिळतं, आणि जेवणानंतर चालल्यानं पायांचे मोठे स्नायू रक्तातली साखर त्याच वेळी ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर ती एरवीइतकी चढत नाही. तुमच्यासाठी ह्याहून चांगला मेळ मला सुचत नाही. उन्हाळा लागला की ऑफिसला जाताना सव्वानऊला निघून शेवटचा टप्पा पायी गाठा. पावसाळ्यात माळव्यावर ढग बसले की उन्हाचा भरवसा धरू नका, चालणं मात्र थांबवू नका, पोर्चमध्ये किंवा जिन्यावर चाला.

किती वेळ? आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीतलं मेलॅनिन बी किरण अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांसाठी सांगितलेली पाच-दहा मिनिटं आपल्याला पुरत नाहीत. हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून अर्धा तास, आठवड्यातले बहुतेक दिवस, असा बेत ठेवा. कातडी लाल होईपर्यंत किंवा चुरचुरेपर्यंत थांबायचं नाही. उन्हानं डी कधी विषारी पातळीला जात नाही, जादा झालेलं कातडीतच मोडून जातं. पुडीला ही सोय नाही. पण ११ वरून वर यायला नुसतं ऊन फार वेळ घेईल, म्हणून आत्ता पुड्या आणि पुढे ते टिकवायला ऊन. खाण्यातून फार आशा ठेवू नका. अंड्याचा पिवळा बलक, तेलकट मासे आणि उन्हात ठेवलेले मशरूम ह्यांत थोडं असतं, शाकाहारी ताटात जवळजवळ नसतंच. पिशवीच्या दुधावर निळं ‘प्लस एफ’ चिन्ह असेल तर त्यात डी घातलेलं असतं, पण कपभरात ते थोडंसंच येतं.

काळवंडण्याच्या भीतीला मी हसणार नाही. इंदूरच्या रस्त्यावर अ‍ॅक्टिव्हावरून जाणारी प्रत्येक दुसरी मुलगी डोळे सोडून सगळं ओढणीत गुंडाळून घेते, ते उगाच नाही. रंगावरून बोलणारी माणसं आपल्याच घरांत असतात. तर असं करा, चेहरा झाका. खुशाल स्कार्फ बांधा, चेहऱ्याला सनस्क्रीन लावा. चेहऱ्याची कातडी शरीराच्या मानानं थोडीच असते. डी बनवायचं काम दंड, हात आणि पोटऱ्या करतील. फक्त हातमोजे काढून ठेवा.

उन्हाचं झालं. आता ‘एवढंच’ कडे येते. तुमचं ७१ किलोचं ७ टक्के म्हणजे पाच किलो. ६६ वर आलात की आकडे बदललेले दिसतील. अमेरिकेतल्या त्या २००२ च्या अभ्यासात पुढे बारकाईनं पाहिलं तेव्हा उतरलेल्या प्रत्येक किलोमागे मधुमेहाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. म्हणून पहिला किलोही फुकट जात नाही, पाचही उतरल्याशिवाय काही साधणार नाही असं मनात आणू नका. वजनकाट्याबरोबर टेपही घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही धोक्याची रेघ मानतात.

खाण्याबद्दल मी मोठा तक्ता देत नाही. तुमची सकाळ पोहे, शेव आणि जलेबीनं होत असेल, इंदूरला बहुतेकांची होते, तर जलेबी रविवारपुरती ठेवा. पोह्यांत मोड आलेली मटकी किंवा दाणे वाढवा आणि शेव चिमूटभर. दाल-बाफल्याचा बेत असेल त्या दिवशी बाफले मोजून घ्या आणि रात्री फक्त वरण आणि भाजी. ऑफिसात चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटं हा मला तुमच्या दिवसातला सर्वांत सहज सुटण्याजोगा भाग वाटतो, त्याऐवजी मूठभर फुटाणे ठेवा. सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकराला जाऊन खाणं महिन्यातून एकदाच बरं. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला हात लावून दंड असं काही ताकदीचं करा. पुड्यांनी मांड्यांचं दुखणं ओसरायला लागलं की हे जमेल, आणि इथे डीची तुम्हाला खरी मदत होईल.

घरच्यांबद्दल. ज्यांना दोनदा मूतखडा झालाय त्यांनी डीची पुडी स्वतःहून घेऊ नये. आजच थांबवा. त्यांचं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळायला) आणि डी तपासल्यावरच डॉक्टर ठरवतील. ब्लडप्रेशरसाठी ते थायझाइड प्रकारची, लघवी वाढवणारी गोळी घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, त्या गोळीबरोबर कॅल्शियम लवकर चढतं.

सासूबाईंना ते मोठं इंजेक्शन देऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी तोंडानं दिलं होतं. अपेक्षा अशी, की पडणं आणि हाड मोडणं कमी होईल. झालं उलटंच, दोन्ही वाढलं. ह्या वयात डीची गरज आहे ह्यात शंका नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना रक्त न तपासताही डी द्यायला हरकत नाही, असं २०२४ चा तोच सल्ला सांगतो, पण तो रोजच्या लहान मात्रेचा. त्यांच्या डॉक्टरांकडून रोजची गोळी लिहून घ्या. दुपारी बारा-साडेबाराला अंगणात खुर्ची टाकून त्यांना पायांवर ऊन घेऊ द्या, अंगणापर्यंत मात्र हात धरून न्या.

मुलाला काही दुखत-खुपत नसेल तर त्याचं डी तपासायची घाई नको. निरोगी तरुणांची अशी सरसकट तपासणी करावी असं आता जाणकार सांगत नाहीत. आपल्याकडे आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं ऊन न मिळणाऱ्या माणसासाठी रोजची गरज ६०० युनिट सांगितली आहे, तेवढ्याची साधी गोळी डॉक्टरांना विचारून चालेल. मला त्याची खरी काळजी वाटते ती खोलीतल्या दिवसाची. आजीला मधुमेह होता, आई बॉर्डरवर आहे, आणि तो वीस वर्षांचाही झालेला नसताना तुमच्यासारखाच खुर्चीत बसून आहे. दोन क्लासांच्या मध्ये त्यानं मोबाइल घेऊन का होईना, पण उन्हात चालत यावं. संध्याकाळी तुम्ही दोघं मिळून पिपल्यापाल्याच्या तळ्याकाठी किंवा जवळच्या बागेत जा. तो तुम्हाला ओढत नेईल, तुम्ही त्याला.

शेवटी एक तपासणी, जी तुमच्या पत्रात दिसली नाही. ४८ व्या वर्षी पाळी जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या. लोह कमी असलं की एचबीए१सी खऱ्यापेक्षा थोडं जास्त येऊ शकतं. तुमची उपाशीपोटीची साखरही ११२ आहे, म्हणजे बॉर्डर खरीच आहे, रिपोर्ट चुकला म्हणून सुटका होणार नाही. पण पुढच्या खेपेला आकडा खाली आला तर तो चालण्यानं आला की लोहाच्या गोळीनं, हे कळायला हवं.

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, हिमोग्लोबिन, डी आणि कॅल्शियम करून न्या, शक्यतो त्याच लॅबमधून. मेटफॉर्मिन लागेल का, हा प्रश्न तेव्हा विचारा. आजच्या आकड्यांवर त्यांनी ती दिली नाही ह्यात मला काही वावगं दिसत नाही, आणि पुढे दिली तर ती हार मानून घ्यायची गोळी नव्हे. मधल्या काळात वजन किंवा कंबर जराही हलत नसेल, किंवा मांड्यांचं दुखणं आठव्या पुडीनंतरही तसंच राहिलं, तर तीन महिने थांबू नका, आधीच जा.